नासिक, रोममधले नासिका आणि बादशहा: सारखी वाटणारी गावं आणि किताब

गोदाकाठचा

रोमच्या इतिहासात नासिका नावाची मंडळी भेटतात. स्किपिओ घराण्याची ही एक पाती. यातल्या एका नासिकाने इ.स.पू. १३३ मध्ये टायबेरियस ग्रॅकस या रोमन पुढाऱ्याचा जीव घेणाऱ्या जमावाचं पुढारपण केलं. त्याच्या बापाने त्याआधी, कार्थेज बेचिराख करा म्हणून केटो घसा कोरडा करत असताना, कार्थेज राहू द्या असा उलटा सूर लावला होता. हे टोपणनाव पडलं नाकावरून. लॅटिनमध्ये नाक म्हणजे 'नासुस', आणि टोकदार नाकाचा तो 'नासिका'.

आता आपलं गाव. शूर्पणखेचं नाक इथे कापलं म्हणून नासिक, हे पंचवटीत लहान पोरही सांगतं. दुसऱ्या शतकात टॉलेमीने भूगोल लिहिला, त्यातही हे गाव 'नासिका' म्हणूनच आहे. मुघलांनी गुलशनाबाद करून पाहिलं, ते टिकलं नाही.

मग रोमचे नासिका आणि गोदेचं नासिक यांचं नातं आहे का? शब्दांचं आहे. लॅटिन नासुस आणि संस्कृत नासिका एकाच जुन्या मुळातून आलेत, यात भाषेच्या अभ्यासकांत वाद नाही. पण त्या घराण्याचा आणि या गावाचा काडीचा संबंध नाही. आणि शब्दांचं नातंही शूर्पणखेची कथा धरली तरच. काहीजण 'नवशिखर' म्हणजे नऊ टेकड्यांवरून नासिक झालं म्हणतात. ते धरलं तर शब्दांचं नातंही तुटलं.

आणि गंमत म्हणजे अरबीतही 'नासिक' शब्द आहे. अर्थ: तपस्वी, विरक्त माणूस. सिंहस्थात रामकुंडावर जाऊन उभं राहिलं तर कोणालाही वाटेल की हीच व्युत्पत्ती! पण तो शब्द अरबी धातूवरून बनलेला आहे. निव्वळ योगायोग.

म्हणजे एकाच गावाच्या नावात खरं नातं आणि शुद्ध योगायोग, दोन्ही सापडले. तुमच्याकडे अशी कोणती नावं, कोणते किताब आहेत? गावांची नावं आणि राजांच्या पदव्या, एवढंच घेऊ या, नाहीतर धागा शंभरीला जाईल.

मेनरोडकर

झकास विषय. आमच्या फॅमिली ग्रुपवर दर आठवड्याला येतं: व्हॅटिकन म्हणजे वाटिका, ऑस्ट्रेलिया म्हणजे अस्त्रालय, स्कँडिनेव्हिया म्हणजे स्कंदनाभी, इजिप्तचा रामसेस म्हणजे आपला राम. काका मंडळींना उत्तर काय द्यायचं ते सांगा. भांडण न होता.

लेणीवेडी

@मेनरोडकर, भांडण न होता जमणार नाही, पण दारूगोळा देते.

रामसेस: यात 'राम' नाहीच. शब्द फुटतो तो 'रा' आणि 'मेसेस' असा. रा म्हणजे त्यांचा सूर्यदेव. अर्थ साधारण 'रा ने ज्याला जन्म दिला तो'. हाच जन्माचा तुकडा थुतमोस, अहमोस या फॅरोंच्या नावातही आहे. आपण चुकीच्या जागी कात्री चालवली की राम दिसतो.

ऑस्ट्रेलिया: लॅटिन 'ऑस्ट्रालिस' म्हणजे दक्षिणेकडचा. ते खंड सापडण्याच्या कितीतरी आधीपासून युरोपातले लोक दक्षिणेकडच्या न पाहिलेल्या भूमीला 'टेरा ऑस्ट्रालिस' म्हणत होते.

स्कँडिनेव्हिया: हे मला सगळ्यात आवडतं. प्लिनी या रोमन लेखकाच्या जुन्या लिखाणात 'स्कातिनाविया' असंही रूप आहे. मधला 'न' नंतर घुसलेला मानतात. आता त्या 'न'शिवाय स्कंद कुठून आणायचा?

वाटिकेबद्दल एवढंच: टायबरच्या पलीकडच्या त्या टेकडीला ख्रिस्ती धर्म येण्याआधीपासून वातिकानुस म्हणायचे. 'बाग' या अर्थाशी तिला जोडणारा पुरावा नाही.

काकांनी रामल्लाह काढलं तर तेही सांगून ठेवते. तिथला 'राम' म्हणजे उंचवटा. इस्रायलमधलं रामत गान बघा, तिथेही तोच उंचवटा. शेजारच्या गावांत तोच तुकडा त्याच अर्थाने सापडला की समजायचं, नाव तिथल्याच मातीतलं आहे.

मेनरोडकर

स्कातिनाविया कॉपी-पेस्ट केलं. काकांनी नमस्काराचा इमोजी टाकलाय. याचा अर्थ काय घ्यायचा देव जाणे.

जुनं_नाणं

किताबांकडे वळतो. नाशिककराने यात पहिला मान द्यायला हवा तो 'क्षत्रप' या शब्दाला.

बरेचजण, अगदी शिकलेले लोकही, सांगतात की क्षत्रप आणि छत्रपती एकच. ऐकायला किती जवळ! क्षत्रप, छत्रप, छत्रपती. पण दोन्ही शब्द सोडवून बघा. छत्रपतीमध्ये छत्र आहे, डोक्यावर धरायचं. मूळ धातू छद्, झाकणे. क्षत्रपमध्ये 'क्षत्र' आहे, म्हणजे सत्ता, राज्य, आणि 'प' म्हणजे राखणारा. राज्याचा रक्षक. किताब इराणी आहे. इराणी सम्राट दारयवहुच्या बेहिस्तूनच्या शिलालेखात बॅक्ट्रियाच्या सुभेदाराला हाच किताब लावलाय. ग्रीकांनी त्याचं 'सात्रापेस' केलं, तिथून इंग्रजीत सॅट्रप आला. शकांबरोबर तो इकडे आला आणि नाशिकच्या पांडवलेण्यांत येऊन बसला. दहा नंबरच्या लेण्यात नहपान या शक राजाच्या जावयाचे, उषवदाताचे लेख आहेत, त्यात सासऱ्याला 'क्षहरात क्षत्रप' म्हटलंय.

आता नाणं जवळून बघू. १९०६ साली सिन्नर तालुक्यात जोगलटेंभीला १३ हजारांहून जास्त चांदीची नाणी सापडली. सगळी नहपानाची. एका बाजूला राजाचा चेहरा आणि भोवती ग्रीक अक्षरं. पण ती भाषा ग्रीक नाही! आपलीच प्राकृत ग्रीक अक्षरांत लिहिलीय: रान्निओ क्साहारातास नाहापानास. दुसऱ्या बाजूला बाण आणि वज्र, आणि तोच मजकूर ब्राह्मी आणि खरोष्ठीत. म्हणजे एका पैशावर तीन लिप्या. यातल्या ९ हजारांवर नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा मारला, वितळवायच्या भानगडीत न पडता. तीन कमानींचा डोंगर नहपानाच्या थोबाडावरच. काही नाण्यांवर त्या डोंगराखालून अजून नाक डोकावतं.

ग्रीक अक्षरांमुळे कळतं की 'क्ष' तेव्हा खरोखर क्स सारखा उच्चारत होते. आणि तीन नंबरच्या लेण्यात गौतमीपुत्राच्या आईच्या, गौतमी बलश्रीच्या लेखात हेच क्षहरात घराणं 'खखरात' होऊन येतं: 'खखरातवसनिरवसेसकरस', क्षहरातांचा वंश निःशेष करणारा. म्हणजे क्षहरात आणि खखरात दिसायला लांब, पण शब्द एकच. क्षत्रप आणि छत्रपती दिसायला जुळे, पण आईबाप वेगळे. कानावर विश्वास ठेवायचा नाही तो यासाठी.

प्राकृतप्रेमी

@जुनं_नाणं, उत्तम प्रतिसाद, पण एक आक्षेप. खरोष्ठीतल्या नाण्यांवर आणि लेखांवर हाच किताब 'छत्रप' असाही वाचतात. मग लोकांचं काय चुकलं?

जुनं_नाणं

आक्षेप बरोबर जागी आहे. पण तो 'छ' क्षचा आहे, छत्राचा नाही. क्षचं प्राकृतात काय काय होतं हे आपल्या स्वयंपाकघरात आणि शेतात रोज दिसतं. क्षीरची खीर, क्षारचा खार, क्षेत्रचं शेत, क्षुरिकेची आपल्याकडे सुरी आणि हिंदीत छुरी. एकाच क्षची ख, श, स, छ अशी चार पोरं. म्हणून वायव्येकडे छत्रप आणि नाशकात खखरात.

छत्रपती हा किताब १६७४ ला रायगडावर घेतला गेला तो छत्र धरूनच, आणि शिवराई या महाराजांच्या नाण्यावर 'छत्रपति' अगदी स्पष्ट छापलंय. तिथे क्ष कधीच नव्हता.

प्राकृतप्रेमी

मान्य. आता त्याच 'क्षत्र'ची पुढची पिढी मी सांगतो. जुन्या इराणीतलं 'ख्शथ्र' झिजत झिजत फारसीत 'शहर' झालं. आधी अर्थ होता राज्य, प्रदेश. मग आकुंचन पावत नगरावर आला. म्हणजे आपला क्षत्रिय आणि नाशिक शहरातलं 'शहर' हे चुलतभाऊ. 'शाह'सुद्धा याच ख्शय् धातूचा, राज्य करणे. समुद्रगुप्ताच्या प्रयागच्या स्तंभावर 'दैवपुत्रषाहिषाहानुषाहि' असा लांबलचक शब्द आहे, त्यात शाह आहेच, शाहांचा शाहही आहे.

खानदेशी_ठेचा

आमचं पण घ्या. मालेगाव ओलांडलं की सुरू होतो तो खानदेश. कोण म्हणतं खानाचा देश, कोण म्हणतं कान्हाचा देश, कोणी सेऊणदेश म्हणतं. नेमकं काय?

गोदाकाठचा

@खानदेशी_ठेचा, खानाच्या बाजूने पुरावा असा: फारुकी घराण्यातल्या मलिक नासिरला गुजरातच्या सुलतानाने 'खान' किताब दिला, आणि त्यानंतर खानदेश नाव रुळलं. खान मूळचा तुर्क-मंगोलांचा किताब. कान्हदेशवाले म्हणतात की नाव आधीपासूनचं होतं, खानामुळे फक्त सोय झाली. सेऊणदेश हे यादवांच्या मुलखाचं नाव आहे हे पक्कं, पण सेऊणचा खान कसा झाला हे ध्वनीच्या नियमांनी बसवून दाखवणं अवघड जातं. माझं मत खानाकडे झुकतं.

यात एक मजा आहे. अकबराने १६०१ मध्ये हा मुलूख घेतला आणि मुलाच्या, दानियालच्या नावाने त्याचं 'दानदेश' केलं. खानदेशात एकच अक्षर बदललं की दानदेश! म्हणजे निदान अकबराच्या दरबारात तरी ते नाव 'कोणातरी माणसाचा देश' असंच ऐकू येत होतं.

खानदेशी_ठेचा

एकोणीस नंबरच्या लेण्यात कण्ह राजा आहे ना, सातवाहनांचा? 'सादवाहनकुले कन्हे राजिनि'. मग कान्हदेश त्याचाच! झालं की सिद्ध. (हलकेच घ्या)

लेणीवेडी

दादा, कण्हापासून फारुकींपर्यंत हजार-दीड हजार वर्षं होतात. मधल्या काळातला कान्हदेशचा एक तरी लेख, एक तरी ताम्रपट दाखवा, मी स्वतः पांडवलेण्यांच्या पायथ्याशी तुम्हाला मिसळ खाऊ घालते.

खानदेशी_ठेचा

मिसळ नको, शेवभाजी चालेल.

जावाहून_परत

नोकरीनिमित्त इंडोनेशियात राहिलोय, म्हणून तिकडचं सांगतो. तिथे योगायोग शोधावा लागत नाही, सगळं नेलेलंच आहे.

जिल्ह्याच्या प्रमुखाला तिथे 'बुपाती' म्हणतात. भूपती! आणि त्याच्या जिल्ह्याला 'कबुपातेन'. आमच्या हापिसात बुपातींच्या भेटीची तयारी चालायची तेव्हा मला दरवेळी डोळ्यांपुढे मुकुट घातलेला राजा यायचा, आणि यायचा तो बाटिकचा शर्ट घातलेला, निवडून आलेला गृहस्थ. सोसायटीचा खजिनदार 'बेंदाहारा', आपल्या भांडारावरून. जुन्या मलाक्काच्या सल्तनतीत मात्र बेंदाहारा म्हणजे थेट मुख्य प्रधान. किताब खाली कसा घसरतो बघा.

मलेशियाच्या नौदलात ॲडमिरलला 'लक्समाना' म्हणतात. लक्ष्मणच. पंचवटीत ज्याने नाक कापलं तो तिकडे आरमारप्रमुख झाला.

आणि मंत्री. मलयमध्ये 'मेंतेरी'. तो पोर्तुगिजांनी उचलला, त्यांच्याकडे हुकूम करणे म्हणजे 'मांदार', त्याची फोडणी बसली आणि झालं मँडरिन. चीनच्या अधिकाऱ्यांना साऱ्या युरोपने मँडरिन म्हटलं, पुढे त्यांच्या भाषेलाही. चिनी माणसाला विचाराल तर हा शब्द त्याचा नाहीच.

पंचवटीची_लेक

लक्ष्मणाचं वाचून फार हसले. मग गावांचं काय? अयोध्या थायलंडमध्ये आहे असं ऐकलं होतं.

जावाहून_परत

@पंचवटीची_लेक, ताई, आहे. अयुत्थया, १३५१ मध्ये वसवलेली राजधानी. वसवणाऱ्याचा किताब रामाधिपती, ते म्हणतात रामाथिबोदी. आजच्या चक्री घराण्यातले राजेही राम पहिला, राम दुसरा असे मोजतात, सध्या दहावा चालू आहे. जावातलं योग्यकर्ताही अयोध्येवरूनच आलं असं मानतात. तसंच मथुरेचं: दक्षिणेत मदुराई आणि जावाला लागून मदुरा बेट. ही नावं लोकांनी मुद्दाम नेली. ग्रुपवरच्या काकांना हे सांगा ना, खोट्या व्हॅटिकनपेक्षा खरं योग्यकर्ता काय वाईट आहे?

मेनरोडकर

+१. पाठवलं. अजून इमोजी नाही.

प्राकृतप्रेमी

नगरचं पण बघा. आपल्याकडे ते झिजून 'नेर' झालं: संगमनेर, अमळनेर, पिंपळनेर, जामनेर. थायलंडात तेच 'नाखोन': नाखोन रात्चासिमा. कंबोडियातल्या ख्मेर लोकांनी त्याचं 'अंगकोर' केलं. पुण्याची गाडी संगमनेरच्या स्टँडवर थांबते तेव्हा आपण अर्ध्या अंगकोरात उतरलेलो असतो.

आणि राजा. लॅटिनमध्ये 'रेक्स', गॉल लोकांत 'रिक्स'. सीझरला शरण आलेल्या व्हर्सिंगेटोरिक्सच्या शेवटी जो रिक्स आहे, तो राजाच. इथपर्यंत पुस्तकांत असतं. मला आवडते ती पुढची गोष्ट. महाराष्ट्री प्राकृताला दोन स्वरांमधलं व्यंजन गिळायची खोड होती. तिने राजामधला ज गिळला आणि राय झाला, मग राव. तिकडे स्पॅनिशने लॅटिन 'रेगेम'मधला ग गिळला आणि 'रेय' झाला. पोर्तुगीज विजयनगरला आले तेव्हा त्यांच्याकडचा राजा 'रेइ' आणि इकडचा राजा 'राय'. दोघांनी एकमेकांना न विचारता एकाच शब्दाची तीच हाडं चघळली होती. राणी आणि स्पॅनिश 'रेइना'चंही तेच. एक राज्ञीपासून, दुसरी रेजिनापासून.

सातपूरवाला

मग झार? अक्कडच्या सम्राटाचं नाव सार्गोन, त्यात 'शर्रु' म्हणजे राजा. शर्रु, झार, सर, सरदार, सरपंच. सगळं एकच दिसतंय मला तरी.

प्राकृतप्रेमी

@सातपूरवाला, चार वेगळी घरं आहेत हो ती.

झार सीझरचा. जर्मन कैसरही त्याचाच, उलट कैसर हा जुन्या लॅटिन उच्चाराला जास्त जवळ. व्हिक्टोरिया राणीला १८७७ मध्ये 'कैसर-ए-हिंद' केलं तेही तेच. पण हिंदुस्थानात कैसर तिच्याही कितीतरी आधी येऊन गेला होता. अटकजवळ आरा इथे एका कनिष्काचा (प्रसिद्ध कनिष्काच्या नंतरचा) लेख आहे: महाराज, राजातिराज, देवपुत्र, आणि मग 'कइसर'. अक्षरं झिजलीत, पण बहुतेकांनी हे वाचन धरलंय. पहिला किताब आपला, दुसरा इराणी राजाधिराजाचा तर्जुमा, तिसरा चिनी 'स्वर्गपुत्रा'च्या धाटणीचा, चौथा रोमचा. चारी दिशांचे किताब एकाने लावले!

शर्रु सेमिटिक, सीझरशी त्याचा संबंध नाही. सरदार आणि सरपंचातला 'सर' फारसी, म्हणजे डोकं. तो संस्कृत 'शिरस्'चा सख्खा भाऊ. सरकारवाड्यातही तोच. आणि शाळेतले 'सर' इंग्रजी, ते लॅटिन 'सीनियर'वरून, म्हणजे वडीलधारे. गावात कोणी आधी मास्तर असून मग सरपंच झाला तर 'सर सरपंच' मध्ये दोन्ही सर वेगळे.

लेणीवेडी

पुन्हा पांडवलेण्यांत येते, कारण गावाच्या नावाचं खरं रत्न तिथे आहे. सतरा नंबरचं लेणं. देणगीदार इंद्राग्निदत्त, बापाचं नाव धम्मदेव, आणि स्वतःला म्हणवतो 'योणक', म्हणजे ग्रीक. गाव कोणतं? 'दातामिति'. वाचताना वाटतं दत्त आणि मित्र, एकदम देशी. पण हे बहुतेक डेमेट्रियस राजाच्या नावाने वसलेलं डेमेट्रियास. ग्रीक नाव, आपल्या जिभेवर येऊन दत्तात्रेयाच्या वळणाचं झालं. योणकही तसाच: आयोनियाचा इराण्यांनी केला 'यौन', तिथून आपला यवन.

याच्या उलट गोवर्धन. लेण्यांच्या लेखांत 'गोवधन' पुन्हा पुन्हा येतं. गौतमीपुत्राचा हुकूम गोवधनच्या अमात्याला आहे. मथुरेकडचा पर्वत म्हणून बाहेरचे लोक दामटून सांगतात, पण उषवदाताचा लेख सरळ म्हणतो 'गोवर्धने त्रिरश्मिषु पर्वतेषु', म्हणजे लेण्यांचा हाच डोंगर. गंगापूर रोडने पुढे गेलं की गोवर्धन गाव आजही आहे. नाव एक, जागा दोन, आणि आपल्याकडे दोन हजार वर्षांचा दगडी पुरावा.

इगतपुरीचा_पाऊस

पेशवा राहिला. पाशा आणि पेशवा एकच का?

जुनं_नाणं

पाशा तुर्की, त्याच्या मुळाबद्दल मतं अनेक आहेत. पेशव्याबद्दल शंका नाही: फारसी 'पेश' म्हणजे पुढे, पेशवा म्हणजे पुढे असणारा. कोर्टात खटला पेश होतो तो 'पेश' हाच. कुर्द लढवय्ये स्वतःला 'पेशमर्गा' म्हणवतात, मरणाला सामोरे जाणारे. शनिवारवाड्याशी त्यांचं नातं एवढ्या अक्षराचं.

सराफबाजार

उशिरा आलो. शाहवरून विचारतो. आमच्याकडे शहा आडनावाचे निम्मे व्यापारी. हे सगळे बादशहाचे वंशज?

प्राकृतप्रेमी

नाहीत. व्यापाऱ्यांचं शहा 'साधु'वरून आलं: साधु, साहु, साह. सावकारातला 'साव'ही तोच. इराणी शाह त्याच्यासारखा दिसतो, म्हणून लिहिताना एक झाले. बुद्धिबळातला 'शह' मात्र बादशहाचा, आणि राजकारणातला काटशहही त्याचाच.

सराफबाजार

आणि शहाणा?

प्राकृतप्रेमी

सज्ञान. सज्ञान, सयाणा, शहाणा. शहांशी काही नातं नाही.

सराफबाजार

हे बाजारात बोलणार नाही. उधारी आहे.